चिठ्ठीतलं नाव, गावाकडचं वाण

शिरीष : मित्राला काही द्यायचं तर मनात येईल तेव्हा द्यावं, मनात येईल ते द्यावं. त्याला तारीख, चिठ्ठी, रकमेची मर्यादा आणि वर थीम कशाला? एवढी बंधनं घातल्यावर देण्यातलं देणं उरतं कुठे?

वसुधा : मनात येईल तेव्हा म्हणतोस, पण येतं कधी मनात? लग्नकार्यं आणि वास्तुशांती सोडल्या तर आपल्यात कुणी कुणाला काही दिलेलं आठवतंय तुला? मोकळीक सगळ्यांना आहेच. तिचा उपयोग कुणी करत नाही, एवढंच.

वसुधाच्या डोक्यात गेले काही दिवस एक बेत घोळतोय. मकरसंक्रांत ते रथसप्तमी या दिवसांतला एखादा शनिवार धरून कॉलेजपासूनच्या आम्हा बारा जणांना पुण्यात तिच्या घरी बोलवायचं आणि प्रत्येकाने चिठ्ठीत निघालेल्या एकासाठी काहीतरी आणायचं. वसुधा बँकेत आहे, शिरीष संख्याशास्त्र शिकवतो. दोघंही माझे जवळचे, आणि या एका प्रश्नावर दोघंही इतक्या पोटतिडकीने बोलले की ते लिहून ठेवावंसं वाटलं. माझं मत जिथे पडेल तिथे तेही सांगते.

शिरीष : पण संक्रांतच का? तिळगूळ आहे की. सगळ्यांच्या हातावर सारखाच पडतो. कुणाला मोठा, कुणाला छोटा अशी मोजदाद नाही. दसऱ्याचं सोनंही तसंच. आपट्याचं पान, हल्ली पुष्कळदा कांचनाचंच पान आपटा म्हणून विकतात, पण पान ते पान. त्याला बाजारभाव नाही, म्हणून ते कुणालाही देता येतं आणि कुणाकडूनही घेता येतं. आपल्याकडे एवढं सुरेख काही आधीपासून असताना ऑफिसातला सीक्रेट सँटा घरात कशाला आणायचा?

वसुधा : ऑफिसातला मला नकोच आहे. आमच्याकडे डिसेंबरात असतो. त्यात चिठ्ठीत ज्याचं नाव निघतं त्याच्याशी वर्षभरात कामापलीकडे एक वाक्य बोललेलं नसतं. मग कॉफीचा मग, सुवासिक मेणबत्ती, चॉकलेटचा डबा. देणाऱ्याचाही नाइलाज असतो. मी बोलतेय ते हळदीकुंकवाबद्दल. आईचं हळदीकुंकू आठव. सुगडात ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे, गाजर, गव्हाच्या ओंब्या. आणि वाण लुटायला स्टीलच्या वाट्या नाहीतर चहाची गाळणी. बोहरी आळीतून डझनाच्या भावाने आणलेली.

शिरीष : मग तेच कर. डझनाने आण, सगळ्यांना सारखं दे.

वसुधा : डझनाने आणलेलं सगळ्यांसाठी असतं, म्हणून ते कुणा एकासाठी नसतं. गाळणी कुणाच्या घरी जातेय याचा विचार गाळणी आणताना आई करत नव्हती. करायची गरजच नव्हती. आणि दुसरी गोष्ट तुला ठाऊक आहे. त्या हळदीकुंकवाला आपल्यातल्या दोघी येऊ शकल्या नसत्या. एकीचा नवरा गेलाय, दुसरीने लग्नच केलेलं नाही. तू आणि बाकीचे पुरुष तर दारातच अडले असता.

शिरीष : हे मला मान्य आहे.

वसुधा : मान्य असून भागत नाही, काहीतरी करायला लागतं. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेरवाडचा कित्ता गिरवायला सांगितलं. एक गाव जर असा ठराव करू शकतं, तर माझ्या हॉलमध्ये कोण बसेल हे मी ठरवायला काय हरकत आहे? मला वाण हवंय, पण ज्यात कुणाला वगळायचं नाही असं. आणि घरी नेल्यावर माळ्यावर पडून राहणार नाही असं.

इथे मी पूर्ण वसुधाच्या बाजूची. हळदीकुंकवातला आनंद खराच होता, पण दाराबाहेर कोण राहिलं हे पाहिल्यावर तो आनंद तसाच्या तसा पुढे न्यावासा वाटत नाही. शिरीषनेही तो मुद्दा तिथेच सोडला. त्याची खरी हरकत पुढे होती.

शिरीष : वगळू नकोस कुणालाच. पण देवाणघेवाण म्हटली की हिशेब आला. आहेराची वही पाहिली आहेस ना? लग्नाच्या मांडवात एका कोपऱ्यात मामा नाहीतर काका बसलेले, पुढे लांब वही. नाव, गाव, रक्कम. भांडं असेल तर भांड्याचं नाव. ती वही पुढे वीस-वीस वर्षं जपायची, कारण त्यांच्याकडचं कार्य निघालं की आपण किती करायचं ते तिच्यात बघायचं. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने 1925 मध्ये भेटीवरचा निबंध प्रसिद्ध केला. त्याचं म्हणणंच हे की भेटीत तीन सक्त्या असतात, द्यायची, घ्यायची आणि परत करायची. लोक पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' छापायला लागले ते उगाच नाही. तिसऱ्या सक्तीने माणसं दमली होती.

वसुधा : म्हणूनच तर चिठ्ठी! चिठ्ठीत परतफेड कुठे आहे? मी तुला देईन, तू तिला देशील, ती आणखी कुणाला. मला जो देईल त्याचं मी काही देणं लागत नाही, माझं देणं दुसऱ्याच माणसाकडे जातं. आहेराच्या वहीत दोन घरं एकमेकांना बांधलेली असतात. इथे सगळं वर्तुळात फिरतं.

शिरीष : फिरवण्याचीच हौस असेल तर ओटीचा खण आहेच आपल्याकडे.

खण म्हणा, ब्लाऊजपीस म्हणा. महाराष्ट्रातल्या कुठल्याही घरात कपाटाच्या एका कप्प्यात त्यांची चळत असते. त्यातला एखादा हातात घेऊन बघावा. चौकोनी घडी, घडीच्या कडेला उन्हाने की काळाने उतरलेली फिकट रेघ, कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं, आणि उलगडला की आत अडकलेले तांदळाचे दोन-तीन दाणे. ते दाणे मागच्या ओटीतले. म्हणजे कुणीतरी तो दुसऱ्या कुणाकडून घेतला, तसाच घडीसकट ठेवला आणि पुढच्या सवाष्णीच्या ओटीत घातला. शिवायला कुणी टाकलाच नाही.

वसुधा : त्याला लोक नावं ठेवतात. मला त्यात फार काही वाईट दिसत नाही. मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्कीने ट्रोब्रिआंड बेटांवरच्या ज्या कुला पद्धतीबद्दल 1922 मध्ये लिहिलं, तिच्यात तरी काय होतं? लाल शिंपल्यांच्या माळा बेटांच्या वर्तुळात एका दिशेने फिरायच्या, पांढऱ्या शंखाची कडी उलट्या दिशेने. कुणी ती कायमची ठेवून घ्यायची नाहीत. काही काळ मिरवायची आणि पुढच्या बेटावरच्या भागीदाराला द्यायची. समुद्र ओलांडून, जीव धोक्यात घालून माणसं जायची ती त्या माळेसाठी आणि त्या भागीदारीसाठी.

शिरीष : पण तिथे प्रत्येक माळेला नाव असायचं, तिची कुळकथा असायची. ही आधी कुणाकडे होती, मग कुणाकडे गेली, हे सांगत सांगत द्यायची. आपल्या खणाला नाव नाही. तो कुणाकडून आला हे आपण मुद्दाम विसरतो, कारण त्याच बाईच्या ओटीत तो परत गेला तर पंचाईत. विसरण्यावर चालणारी भेट मला नको.

वसुधा : म्हणजे तुला काय हवंय ते तूच सांगितलंस. भेटीबरोबर ती कुठून आली ते सांगणारं कुणीतरी. तेच तर मी थीममधून मागतेय.

हा मुद्दा दोघांनाही अनपेक्षित होता. शिरीष थोडा थांबला आणि पैशांकडे वळला. संख्याशास्त्राच्या माणसाला ते साहजिकच.

शिरीष : थीम कुठलीही ठेव, नको असलेली वस्तू ती नको असलेलीच. जोएल वॉल्डफोगेल या अर्थशास्त्रज्ञाने 1993 मध्ये नाताळच्या भेटींवर एक निबंध लिहिला. येल विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना त्याने विचारलं, तुम्हाला मिळालेल्या वस्तू तुम्ही स्वतः किती रुपयांना, म्हणजे डॉलरना, घेतल्या असत्या? देणाऱ्याने मोजलेले पैसे आणि घेणाऱ्याने लावलेली किंमत यांत दहा टक्क्यांपासून एक तृतीयांशापर्यंत तूट निघाली. शंभराची वस्तू घेणाऱ्याला सत्तर-नव्वदाची. आपल्या लोकांनी हे गणित निबंधाशिवाय सोडवलं. पाकीट, पाकिटाला वर चिकटवलेलं रुपयाचं नाणं, आत शंभर नाहीतर पाचशे. एक पैसाही वाया नाही.

वसुधा : त्या निबंधाबद्दल मीही वाचलंय. विद्यार्थ्यांना प्रश्न विचारताना भावनेची किंमत बाजूला ठेवायला सांगितलं होतं. ती बाजूला ठेवली की उरलेल्यात तूट निघणारच. आणि त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, ती तू सोडून दिलीस. सगळ्यात जास्त तूट आजी-आजोबा, मामा-मावश्या अशा लांबून देणाऱ्यांच्या भेटींत होती. मित्रांच्या भेटींत ती बरीच कमी होती. का? मित्राला माहीत असतं.

शिरीष : माहीत असतं, का होतं? आपण वर्षातून दोनदा भेटतो. वसुधा, तुला माझ्या आजच्या घरातलं काय माहीत आहे? मी साखर सोडली आहे, हे तरी?

वसुधा : नव्हतं माहीत. आता कळलं. पण तुझं नाव माझ्या चिठ्ठीत निघालं असतं तर मी तुझ्या बायकोला फोन केला असता आणि मला ते कळलंच असतं. चिठ्ठीचं काम नेमकं हे आहे, शिरीष. बारा जणांवर एकसारखी माया करायची म्हटलं की ती कुणाच्याच वाट्याला धड येत नाही. एक नाव हातात पडलं की तीन आठवडे तुम्ही त्या एकाच माणसाचा विचार करता. तो काय खातो, त्याला कुठे दुखतं, त्याच्याकडे कोण राहतं.

मला वाटतं, सगळ्या बोलण्याचं मर्म इथे होतं. तिळगुळाची आणि आपट्याच्या पानाची समानता मला फार प्रिय आहे, पण ती समानता माणसाकडे न बघताही पाळता येते. उलट, नाव काढून दिलेली भेट बघायला लावते. फक्त बघितल्यावर ऐपतीची शर्यत लागू नये, याची सोय यजमानाने आधी करायला हवी. शिरीषची पुढची हरकत तिथेच होती, आणि ती रास्त होती.

वसुधा : मर्यादा ठेवू. तीनशे रुपये.

शिरीष : तीनशेची मर्यादा म्हटलंस की तो किमान आकडाही होतो. दीडशेचं आणणारा चिकट ठरतो. पाचशेचं आणणारा बाकीच्यांना ओशाळं करतो. आपल्यात एकाची नोकरी गेल्या वर्षी गेली. त्याला तीनशे काही जड नाहीत, पण त्याच्या शेजारी उघडलेल्या खोक्यात तीनशे म्हणून आठशेचा डबा निघाला तर तो पुढच्या वेळी काहीतरी कारण काढून येणार नाही. अशी माणसं गटातून कशी गळतात ते मी पाहिलंय. भांडण होत नाही, बोलाचाली होत नाही. 'त्या दिवशी जमत नाही' एवढंच.

वसुधा : मग पैशांत नको, मापात ठेवू. प्रत्येकाला एका हातात धरून बसने नेता येईल एवढंच. आणि वस्तू अशी, जिची किंमत बघणाऱ्याला कळतच नाही, किंवा कळली तरी तिचं काही वाटत नाही.

शिरीष : तुझी आधीची थीम काय होती, स्वयंपाकघर?

वसुधा : होती. ती मीच रद्द केली. स्वयंपाकघर म्हटलं की सगळे दुकानात जातात आणि बारा डबे गोळा होतात. रंगाची थीम असते, 'सगळं पिवळं आणा', तिच्यात फोटो छान येतात, बाकी काही नाही. झाडाची थीम मला आवडली होती. घरचं रोप, घरची फांदी. पण ती पावसाळ्यातच ठेवावी. ब्रह्मकमळाचं पान आषाढात मातीत खोचलं तर धरतं, जानेवारीच्या थंडीत बराच काळ तसंच बसून राहतं. म्हणून आता ठरवलंय, 'गावचं'. ज्याने त्याने आपल्या गावचं काहीतरी आणायचं. विकतचं चालेल, पण तिथलं. आणि सोबत कागदावर चार ओळी, हे काय आहे आणि याचं करायचं काय.

शिरीष : हे जरा बरं आहे.

वसुधा : जरा? बघ ना काय काय येईल. मंगळवेढ्याची ज्वारी, भौगोलिक मानांकन मिळालेली. तिथल्या काळ्या, खोल जमिनीत पावसाच्या ओलीवर येते. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ. वर्ध्याकडची वायगावची हळद. भिवापूरची मिरची. वेंगुर्ल्याचे काजू. नवापूरची तूरडाळ. घोलवडचे चिकू, तेही हंगामात. जळगावची भरताची वांगी, हिवाळ्यातच खावीत अशी. यातलं कुठलंही अर्धा किलो आणलं की झालं. ज्वारीच्या अर्ध्या किलोपुढे काजूचा अर्धा किलो महाग, पण ज्वारीवाला काजूवाल्यापुढे खाली मान घालून बसेल का? अजिबात नाही. तो भाकरी कशी थापायची ते सांगेल आणि सगळे त्याचंच ऐकतील.

शिरीष : आणि चिठ्ठी? ज्वारीवाल्याच्या चिठ्ठीत भात खाणारा निघाला तर?

वसुधा : तर त्याच गावचं दुसरं काहीतरी शोधायचं. थीममुळे दुकान ठरतं, चिठ्ठीमुळे माणूस ठरतो. दोन्हींच्या मध्ये निवड तुझीच राहते. कोल्हापूरच्या माणसाच्या चिठ्ठीत तू निघालास, तर गूळ बाद. मग त्याने कांदा-लसूण मसाला आणावा. एकट्या राहणाऱ्या मैत्रिणीला पाच किलो तांदूळ देऊन काय करणार? तिला पावशेर दे, पण दे असा की तिला दोन दिवस पुरेल आणि घनसाळचा वास घरभर राहील.

शिरीष : लालबागचा माणूस काय आणेल? त्याचा जन्म चाळीतला. गाव म्हणून त्याने कोकणातलं आजोबांचं नाव सांगावं, तर तिथे तो एकदाच गेलाय.

वसुधा : लालबागच त्याचं गाव. मसाल्याची दुकानं तिथे, चिवडा गल्ली तिथे. मे महिन्यात भाजलेल्या मिरच्या आणि धणे डंकावर कुटायला घेऊन बायका रांगेत उभ्या असतात. सगळी गल्ली शिंकत असते, आणि आपल्याच मिरच्या आपल्याच पिशवीत परत येतायत ना, यावर प्रत्येकीची नजर असते. त्याच्या आईने त्या रांगेत आयुष्यातले कित्येक उन्हाळे काढले. त्याने घरचा मालवणी मसाला बरणीत भरून आणला तर माझ्यापेक्षा जास्त 'गावचं' त्याचंच ठरेल.

मग शिरीषने ते काढलं, जे मला वाटतं तो बराच वेळ मनात ठेवून होता.

शिरीष : आणि ज्याचं गाव पाण्याखाली आहे तो?

वसुधा गप्प झाली. आमच्यातल्या एकाचं मूळ गाव उजनीच्या धरणात गेलं. धरण 1980 च्या सुमाराला पुरं झालं, तेव्हा तो शाळेत होता. भीमेच्या त्या फुगवट्यात इंदापूर, करमाळा, कर्जत अशा तालुक्यांतली गावंच्या गावं गेली. पळसदेवचं जुनं देऊळ दुष्काळी उन्हाळ्यात पाणी ओसरलं की वर येतं, आणि लोक होडीत बसून ते बघायला जातात.

वसुधा : तो स्वतः सांगतो त्याबद्दल. मागच्या वेळी किती रंगून सांगत होता. देऊळ वर आलं की जातो म्हणाला. भिगवणला हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला जातो, चिलापी खाऊन येतो. संकोचतो तो नाही, आपण संकोचतो.

शिरीष : रंगात येऊन आपणहून सांगणं वेगळं, आणि 'गावचं काहीतरी घेऊन या' म्हणून सगळ्यांना मेसेज गेल्यावर आपण काय न्यायचं याचा विचार करत बसणं वेगळं. पहिल्यात तो सांगणारा आहे. दुसऱ्यात त्याला पहिल्यांदा हेच आठवावं लागणार की आपल्याकडे ते नाही. तुझी थीम अकरा जणांना आनंद देईल, वसुधा, आणि बाराव्याला गृहपाठ.

वसुधा : म्हणून थीमच सोडून द्यायची?

शिरीष : मी तसं म्हणत नाही. पण थीम ठरवताना आधी बाराव्याचं नाव घे. अकरा जणांना कुठलीही चालेल.

यावर मला वाटलं की शिरीष जिंकला. पण वसुधा हार मानणाऱ्यांतली नाही, आणि तिने जे सुचवलं ते मला त्याच्या हरकतीपेक्षाही मोलाचं वाटलं.

वसुधा : मग 'गाव' शब्द काढून टाकू. 'तुला वाढवलेल्या एका जागेचं काहीतरी.' जागा कुठलीही चालेल, वसतिगृह, आत्याचं घर, कॉलेजमागची खानावळ. आणि मेसेज नाहीच पाठवायचा. एकेकाला फोन करायचा. त्याला सगळ्यांत आधी, बाकीच्यांना कळायच्या आधी. त्याने नको म्हटलं तर थीम बदलायची, कारण न सांगता. यजमानाने एवढं तरी केलंच पाहिजे. नुसती पोहे-चहाची तयारी म्हणजे आमंत्रण नव्हे.

शिरीष : हे चालेल.

चिठ्ठ्यांवर फार वाद झाला नाही. तिथे शिरीषचं ज्ञान कामी आलं. नावं टोपलीत टाकून प्रत्येकाने एक उचलायची ही नेहमीची पद्धत, आणि तिच्यात कुणाच्या तरी हातात स्वतःचंच नाव येण्याची शक्यता माणसांना वाटते त्यापेक्षा खूप जास्त असते. बारा जण असोत की पन्नास, शंभरातून साधारण 63 वेळा निदान एकाला तरी स्वतःचं नाव मिळतंच. फ्रेंच गणिती माँमोर याने 1708 मध्ये पत्त्यांच्या खेळावरून हा प्रश्न मांडला होता. मग पुन्हा सगळ्या चिठ्ठ्या गोळा, पुन्हा उचला, आणि तोवर कुणाचं नाव कुणी पाहिलं ते फुटलेलं.

शिरीष : टोपली नको. बारा चिठ्ठ्या नीट मिसळ आणि टेबलावर गोल मांड. प्रत्येकाने आपल्या उजवीकडच्या चिठ्ठीतल्या माणसाला द्यायचं. स्वतःचं नाव स्वतःला येऊच शकत नाही. दोघांनी एकमेकांनाच दिलं, असंही होत नाही, सगळे एकाच साखळीत. नवरा-बायको शेजारी आले तर एक चिठ्ठी उचलून पलीकडे सरकवायची. आणि शेवटच्या दिवशी कुणाला ताप आला, कुणी अडकलं, तरी साखळी तुटत नाही. जो त्याला देणार होता त्याने त्याच्या पुढच्याला द्यायचं. टोक टोकाला जोडलं की झालं.

वसुधा : पण जो मांडेल त्याला सगळं कळणार.

शिरीष : म्हणून मांडणारा खेळातला नको. तुझ्या आईला सांग. त्यांनी मांडाव्यात, पाकिटात घालून द्याव्यात.

अमेरिकेत 'व्हाइट एलिफंट' नावाचा प्रकार चालतो, त्यात आपल्या पाळीला दुसऱ्याच्या हातातली उघडलेली भेट मागून घेता येते आणि त्याला दुसरं पुडकं उघडावं लागतं. वसुधाच्या भाच्याने त्याची फार तारीफ केली होती. दोघांनीही तो एकमताने बाजूला ठेवला. ज्याच्यासाठी शोधून आणलं त्याच्या हातातून ते दुसऱ्याने काढून घ्यायचं, मग शोधलं कशाला? अनोळखी माणसांत तो खेळ म्हणून ठीक असेल.

शिरीष : एक गोष्ट मात्र मी सोडणार नाही. कुणी काय आणलं याची यादी करायची नाही, फोटो गटावर टाकायचे नाहीत. यादी झाली की पुढच्या वर्षी वही झाली.

वसुधा : फोटो माणसांचे चालतील ना?

शिरीष : माणसांचे चालतील. आणि नोकरी गेलेल्या आपल्या मित्राने रिकाम्या हाताने यायचं ठरवलं तर?

वसुधा : तो रिकाम्या हाताने येणार नाही. तू ओळखतोस त्याला. त्याच्या वडिलांचं वाईला किराणा दुकान होतं, तो हळकुंड बोटाने मोडून सांगतो की आत रंग कसा आहे. त्याने कागदावरच्या चार ओळी लिहिल्या तरी माझ्यासाठी तीच भेट.

शिरीष : चार ओळी सगळ्यांनीच लिहायच्या, मग त्या वाचून दाखवायच्या की नाही?

वसुधा : नाही. ज्याच्यासाठी लिहिल्या त्यानेच वाचायच्या. त्याला वाटलं तर तो वाचेल.

शिरीष : ठीक. मी येतो. पण माझं नाव कुणाच्याही पाकिटात निघालं तरी गोड नको, हे तू कुणाला सांगायचं नाहीस. ज्याच्या पाकिटात निघेन त्याने ते विचारून घ्यावं.

वसुधा : आणि तू? तुझी जागा कुठली?

शिरीष : अजून ठरलेलं नाही. आधी पाकीट उघडू दे. ज्याच्यासाठी न्यायचं तो कोण हे कळल्यावर जागा आठवते, असं तूच म्हणालीस ना मघाशी?

वसुधा : असं मी म्हणाले नव्हते. पण म्हणायला हवं होतं. पहिला फोन मी उद्या सकाळी करते, भिगवणच्या बाजूला.